गाडीचं पाणी

लग्नानंतर माझे वडील माझ्या घरचं पाणी पीत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं, आमच्यात रीतच तशी होती. लेक दिली की तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तिला मूल झालं म्हणजे ही बंदी उठते. मग बाप खुशाल पाटावर बसून पोटभर जेवतो. मला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्यामुळे वडील आले की अंगणात बसत, सासूबाई रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे करीत, वडील रीतीप्रमाणे हात जोडीत आणि तांब्या जसाच्या तसा आत जाई. त्या दोघांना त्यात काही वावगं वाटत नसे. मला वाटे, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही मोशीचे लोहार. माझं माहेर महाळुंग्याचं, तेही लोहारच. नवरा मात्र ऐरणीवर रमला नाही. पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उभे राहू लागले होते, त्यातल्या एकात तो फिटर म्हणून लागला. (त्या काळी आम्ही नवऱ्याला 'हे' म्हणत असू. इथे तसं लिहिलं तर कोण 'हे' आणि काय 'हे' असा घोळ होईल, म्हणून नवरा म्हणते.) दिघीला लष्कराच्या हद्दीत लढाईतल्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव असे. नवरा एकदा तिकडे नुसता बघायला म्हणून गेला. संध्याकाळी शेजाऱ्यांचे बैल मागून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या बैलांच्या मागे दोराने बांधलेली एक जीप मोशीत आली.

जीप म्हणजे काय, तर जीपचा सांगाडा. तळाचा पत्रा कुजलेला, स्प्रिंगच्या कमानीचे पाटे तुटलेले, इंजिनात चिमण्यांचं घरटं. चाकं चार होती, पण चौथ्यावर टायर नव्हता. स्टिअरिंग डाव्या बाजूला, कारण गाडी परदेशची. मागे एक लष्करी पाण्याचा डबा तेवढा धडधाकट होता. नवऱ्याने सांगितलं की ही नीट करायची आणि चाकणच्या बाजाराला कांदा वाहायचा. सासूबाईंनी जीपभोवती एक फेरी मारली.

"लोकाच्या घरात पाळणा येतो," त्या म्हणाल्या, "आमच्यात ह्ये आलं."

जीपची बातमी महाळुंग्याला पोचायला वेळ लागला नाही. वडील पुढच्याच आठवड्यात एसटीने येऊन हजर झाले. तिकडे भाता आता माझ्या भावाच्या हातात होता. दादांनी, म्हणजे वडिलांनी, आता आराम करावा असं त्याचं म्हणणं होतं. आराम म्हणजे ऐरणीला हात लावायचा नाही, बाजूला बसून बघायचं. माझी आई आधीच गेलेली. हातात हातोडा नाही आणि बोलायला माणूस नाही अशा अवस्थेत त्यांनी ऐकलं की जावयाच्या दारात एवढं लोखंड येऊन पडलंय. ते न येते तरच नवल.

"दादा, तुम्ही काम करणार आमच्याकडं आन पाणी पिणार न्हाई, ह्ये कसं?" मी विचारलं.

"देणं चालतं, पोरी. घेणं चालत न्हाई."

ते रोज सकाळी येत, संध्याकाळी परत जात, आणि येताना फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणीत. उन्हाळ्याचे दिवस. भट्टीपुढे उभं राहणारा माणूस, दुपारच्या आत तो तांब्या रिकामा होई. मग ते तो घेऊन इंद्रायणीवर जात. नदीचं पाणी चाले, कारण नदी कुणाच्या घरची नाही. मी त्याच नदीवरून हंडे भरून आणीत असे. तेच पाणी, पण माझ्या हंड्यात शिरलं की ते लेकीच्या घरचं होई आणि बाद होई. त्यांचे गुडघे दुखत. माझ्या दारातल्या भरल्या रांजणाजवळून तो म्हातारा माणूस लंगडत उतारावर जाई आणि लंगडत वर येई. मला त्यांची कीव येई, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त संताप येई. एकदा मी रांजणावरचं झाकण मुद्दाम आपटलं. त्यांनी मागे वळून झाकण नीट बसलंय का तेवढं पाहिलं.

आणि ती जीप मात्र प्यायची. इंजिनाकडे नवरा बघत होता, लोखंडाचं सगळं वडिलांकडे. त्यांनी तळाला नवा पत्रा ठोकला, कमानीचे पाटे तापवून पुन्हा वाकवले. पण रेडिएटर पितळेचा. पितळेला वडील हात लावायला तयार नव्हते, ते तांबटांचं काम. नवऱ्याने साबण लावून पाहिला, कणीक लावून पाहिली. थंड असेपर्यंत टिके, इंजिन तापलं की पुन्हा धार. रोज मी हंडा ओतायची आणि रोज तो खालून अंगणात यायचा. कुठल्या परमुलखातलं ते धूड माझ्या घरचं पाणी घटाघटा पितंय आणि माझा जन्मदाता बाप नदीवर चाललाय, हे बघत मी उभी असायची. कुणाला सांगावं तर सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

मग चाकाचं झालं. नवरा टायर शोधत होता. खडकीला चौकशी केली, पुण्यात केली, मिळेना. एक दिवस तो कामावर गेलेला असताना वडील अंगणात आले, चौथ्या चाकाला त्यांनी दोरीने माप घेतलं आणि गोवऱ्या मागितल्या. बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी धाव चढवतात ती चढवण्यात आमच्या वडिलांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि जन्मभर सुटत नाही. जीपचं चाक लहान पडत होतं, म्हणून त्यांनी मध्ये बाभळीच्या लाकडाचं जाड कडं घातलं. पाणी माझ्याच हंड्यांतलं ओतलं. वाफेचा लोट उठला. वडील घामाने निथळत होते. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि राहिलेल्या धगीवर ओतला.

संध्याकाळी नवरा आला. त्याने चाक पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कसं हाय, पाव्हणं?" वडिलांनी विचारलं. जावयाला ते पाव्हणं म्हणत.

"मजबूत हाय, मामा."

सासऱ्याने केलेलं काम जावयाने नको म्हणायचं, हे त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्या रात्री तो भाकरी खाताना मध्येच हसला आणि पुन्हा गंभीर झाला. जीपची तीन चाकं जीपची राहिली आणि एक बैलगाडीचं.

अशी ती जीप सुरू झाली. नवऱ्याने ठरवलं की पहिली फेरी मामांना महाळुंग्याला पोचवण्याची. सासूबाईंनी नारळ फोडला, चारही चाकांना हळदकुंकू लावलं. धावेला जरा जास्त लावलं, ते चाक त्यांच्या ओळखीचं होतं. नवरा स्टिअरिंगवर, त्याच्या उजव्या हाताला वडील, मांडीवर नदीवरून भरून आणलेला फिरकीचा तांब्या. मागे मी, रेडिएटरसाठी भरलेला लष्करी डबा पायांत धरून. तो मी राखेने घासून घरच्या रांजणातून भरला होता.

पूल ओलांडला. मागून खणखण आवाज येत होता आणि आम्ही एका बाजूने सतत उडत होतो. वडील खूश होते. वाटेत बैलगाडीवाले थांबून बघत. ते आपल्या चाकाकडेच बघताहेत अशी वडिलांची खात्री होती, आणि ते बरोबरच होतं.

चिंबळी मागे पडल्यावर इंजिनातून वाफ यायला लागली. नवऱ्याने जीप एका बाभळीखाली घेतली आणि फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. फस्सकन वाफ उसळली. तापलेलं दिसलं की पाणी ओतायचं, ही वडिलांच्या हाताला जन्माची सवय. कुणी काही म्हणायच्या आत ते खाली उतरले आणि आपला अख्खा तांब्या त्यांनी त्यात रिकामा केला.

मग ते रिकाम्या तांब्याकडे बघत राहिले. नदी मागे राहिली होती. आसपास विहीर दिसत नव्हती, वस्ती नव्हती. नवरा म्हणाला, इंजिन निवायला वेळ लागेल. आम्ही बाभळीखाली बसलो. तिची सावली होती म्हणायला होती. वडिलांचे ओठ कोरडे पडले होते. ते जिभेने ओले करीत आणि दुसरीकडे बघत. मी डब्याला हात लावला नाही. इतकी वर्षं हात पुढे करून झाला होता. पुन्हा नकार ऐकायचं बळ माझ्यात नव्हतं.

बऱ्याच वेळाने वडील नवऱ्याला म्हणाले, "ह्यो डबा कुणाचा?"

"लष्कराचा, मामा."

"आन आतलं पाणी?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "गाडीचं," तो म्हणाला.

वडिलांनी विचार केला. रीत मोडणारा माणूस नव्हता तो, पण लोहार होता. कुठे ठोकलं की वाकेल हे शोधण्यात त्याचा जन्म गेला होता.

"गाडी तुमच्या घरची की, पाव्हणं."

"घर मोशीला ऱ्हायलं, मामा. गाडी हितं हाय."

वडिलांनी मोशीच्या दिशेने पाहिलं. घर दिसत नव्हतं. त्यांनी उठून जीपमध्ये आपल्या जागेवर बैठक मारली आणि दोन्ही हातांची ओंजळ बाहेर काढली.

"घाल, पोरी."

डबा जड होता. निम्मं पाणी त्यांच्या बाहीवर गेलं. ते प्यायले. पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायले. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. मी रडले. त्या दोघांनी इंजिनाविषयी बोलायला सुरुवात केली.

"लोखंडाचा वास हाय पाण्याला," वडील मला म्हणाले. "चालतं. लोखंड काय परकं न्हाई."

त्यानंतर वडील मोशीला आले की अंगणात बसत नसत. सरळ जीपमध्ये चढून उजव्या बाजूला बसत आणि मी डबा घेऊन जाई. पुढे चहा सुरू झाला, कारण चहासुद्धा पाण्याचाच असतो. मग भाकरी आली. सासूबाईंनी पहिल्यांदा ताट नेलं तेव्हा मी दारातून बघत होते. वडिलांनी ताट मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याने स्टिअरिंगवर बसावं असं त्यांचं म्हणणं पडलं. नुसत्या उभ्या गाडीत जेवणं म्हणजे अंगणात जेवणं. चालवणारा बसला की तो प्रवास. प्रवासात माणूस कुठेही जेवतो, त्याला रीत आड येत नाही. नवरा कामावरून आलेला असे, दमलेला असे. तो निमूट जाऊन बसे आणि वडिलांचं जेवण होईपर्यंत समोर बघत स्टिअरिंग धरून राही.

कांदा त्या जीपने फारसा वाहिला नाही. रेडिएटर नीट झाला नाही, मग इंजिनानेही मान टाकली. टायर मिळाला तेव्हा बसवायचं कारण उरलं नव्हतं, आणि तसंही ती धाव निघाली नसती. आम्हाला मूल झालं नाही. हे एकदाच सांगते. पुण्याचे डॉक्टर झाले, नवस झाले, आणि मग ते सगळं थांबलं. एक भंगारवाला जीप मागायला आला तेव्हा नवरा द्यायला तयार होता. अंगण अडतं, पावसाळ्यात खाली विंचू निघतात, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी काय सांगणार होते?

सासूबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. पाळण्यावरून त्यांनी मला जे ऐकवायचं ते वर्षानुवर्षं ऐकवलं होतं, त्यात कसूर केली नव्हती. त्यांनी मान वर केली नाही.

"गाडी इकल्यावर माझं इवाई जेवायला कुठं बसायचं?" त्या म्हणाल्या.

भंगारवाल्याला काही कळलं नाही. तो गेला. सासूबाईंनी त्याच दिवशी जीपभोवतीची जमीन शेणाने सारवून घेतली, घरातल्या जमिनीसारखी.

वडील थकले तेव्हा भाऊ त्यांना सोडायला येई, आणि मी आणि नवरा दोघे मिळून त्यांना उचलून जागेवर बसवत असू. त्यांना दिसायचं कमी झालं होतं. जीपची चाकं मातीत रुतली होती, फक्त धावेचं तेवढं सरळ उभं होतं. नवरा स्टिअरिंगवर बसे. मी शेजारी डबा घेऊन उभी राही. चार घास खाऊन झाले की वडील थांबत.

"कुठवर आलो, पाव्हणं?"

नवरा समोरच्या रांजणाकडे बघत म्हणे, "चिंबळी मागं पडली, मामा."

"मग घाल पोरी पाणी," वडील म्हणत, आणि ओंजळ पुढे करीत.