खिडकीकडची गादी

बसगाड्यांच्या कारखान्यात ती आसनं शिवायची. सगळे तिला गादीताई म्हणत, आणि तिच्या खऱ्या नावाची आठवण पगाराच्या दिवशी तेवढी कुणाला तरी व्हायची. फाटकी खोळ उसवायची, बसका फोम उपसून टाकायचा, नवा कापायचा, त्यावर रेक्झिन ताणून बसवायचं. उसवताना शिवणीच्या खाचांतून काय काय निघे: केसांची पिन, शर्टाचं बटण, तिकिटाची घडी. तळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून मात्र हमखास वाळू निघायची. फिकट, मऊ. तळहातावर घेऊन ती क्षणभर बघत राही, मग झटकून कामाला लागे. तळं हा त्या मार्गाचा शेवटचा थांबा. उभ्या आयुष्यात तिने लोकांना आरामात बसवून तळ्यावर धाडलं आणि स्वतः कधी पाऊल टाकलं नाही.

तिला जायचं होतं धाकटीबरोबर. आई गेली तेव्हा धाकटी बहीण अजून शाळेतही जात नव्हती, त्यामुळे मोठीच तिची आई झाली. दोघींत मिळून एकच गादी होती, मधोमध खड्डा पडलेली. दोघी दोन कडांना झोपायच्या आणि सकाळी खड्ड्यात एकमेकींच्या अंगावर सापडायच्या.

"ताई, आपण तळ्यावर कधी जायचं?"

"तू मोठी झालीस की."

धाकटी मोठी झाली. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, पुढे नवरा गेला, आणि दम्याने छातीत मुक्काम ठोकला. ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "एक पोर वाढवली, तेवढ्यात दमले." तळं आपलं होतं तिथेच राहिलं.

ती निवृत्त झाली तेव्हा शेजारच्या ड्रायव्हरदादांनी तिच्यासाठी जीपमागे ओढायची एक गाडी शोधून काढली. ते तिच्याच कारखान्यातले, तिच्या आधी घरी बसलेले. दारात जुनी जीप आणि हाताला काम नाही. तळ्याकाठी राहायला घर ना दार, नुसतं मैदान. तिथे लोक तंबू ठोकतात नाहीतर जीपमागे ओढून आणलेली असली फिरती खोली उभी करतात. ही खोली अंड्यासारखी गोल, दोन चाकांची. आत दोघींना ऐसपैस आडवं होता येई. उभं राहायचं तर दाराबाहेर. ताईला ती पाहताक्षणी आवडली. धाकटीला तर इतकी आवडली की ती आत शिरून बाहेरच येईना. "ही खिडकी माझी," तिने जाहीर करून टाकलं.

पहिला प्रवास अर्ध्यावरच संपला. वाटेत एका मैदानावर मुक्काम केला. थंडी होती म्हणून ताईने मायेने खिडक्या गच्च लावल्या, फटींत फडकी कोंबली. सकाळी उठून पाहते तो धाकटी दार उघडून पायरीवर बसलेली, खांदे वर ओढून श्वास शोधत असलेली. आत काचांवरून पाण्याचे ओघळ लागलेले. गादी उचलली तर खालून ओली, आणि तिच्याखालच्या फळीवर काळ्या बुरशीचे ठिपके. ड्रायव्हरदादांनी लगेच जीप वळवली.

भाचा रागावला नाही, हेच जास्त लागलं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तू तिच्यासाठीच केलंस, मला कळतं. पण आईला पुन्हा त्या डब्यात नको नेऊस."

डबा! तो शब्द ताईच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

दुसऱ्याच दिवशी तिने कात्री परजली. फोम जुनाट होता, तो फेकून चांगला टणक आणला, आणि ओल आत शिरू नये म्हणून त्याला खालीवर रेक्झिनची खोळ घातली. शिवण अशी की पाण्याचा थेंब आत जायचा नाही. मग स्वतःच आत झोपून पाहिलं. सकाळी पाठ घामाने चिंब, आणि गादीखाली पुन्हा पाणी.

"पाऊस नाही, गळती नाही, मग हे येतं कुठून?" तिने विचारलं.

ड्रायव्हरदादा चहाचा पेला घेऊन चाकावर टेकले होते. त्यांनी वाफाळत्या पेल्यावर बशी झाकली, थोड्या वेळाने उचलून दाखवली. बशीच्या पोटाला थेंब लगडले होते. "ताई, तुम्हीच चहा आहात," ते म्हणाले. "आणि फळी म्हणजे ही बशी."

ताई आधी खूप हसली. मग तिने गादी उलटून ओली बाजू चाचपली. जन्मभर तिने पाणी आत जाऊ नये म्हणून गाद्या शिवल्या होत्या. इथे ओल येणार होती माणसाच्या अंगातून, श्वासातून, आणि तिला बाहेर जायला वाट हवी होती. हात ज्यात मुरला होता, नेमकं तेच उलटं करायचं होतं.

मग तिने फळीच काढून टाकली. तिच्या जागी लाकडी पट्ट्या ठोकल्या, मध्ये दोन बोटं जातील एवढी फट ठेवून. त्यावर काथ्याची जाड चटई, म्हणजे गादीखाली वारा खेळता राहील. रेक्झिनला रजा देऊन सुती खोळ शिवली, चेन लावून, धुता येईल अशी. गादीही एक सलग ठेवली नाही, दोन केल्या. धाकटी रात्रभर कूस बदलते, तिला मोकळेपणी बदलता यावी. तिच्या गादीत खांद्याशी आणि कंबरेशी मऊ फोमचा वेगळा थर भरला. धाकटीच्या अंगाचं माप घ्यायची गरज पडली नाही. ते हाताला पाठ होतं.

वाऱ्याचं काम ड्रायव्हरदादांचं. टपाला भोक पाडायचं म्हटल्यावर ते कळवळले. "चांगल्या गाडीला भोक? पाऊस आत येऊन तुमच्या मांडीवर बसेल!"

"झाकण बसवा ना त्याला. तुमच्या डोक्याला आहे तसं."

त्यांनी टोपी सारखी केली आणि करवत उचलली. वर उघडझाप करणारं झाकण झालं. खाली दाराजवळ जाळी लावलेली दोन भोकं, कारण नुसता वरून वारा निघून चालत नाही, खालून नवा यायला हवा. ताईने आत मेणबत्ती लावून विझवली. धूर जरा घुटमळला, मग एक रेष धरून वर गेला आणि झाकणातून नाहीसा झाला. ती टाळ्या पिटत बाहेर आली.

मुलाकडे राहणाऱ्या धाकटीला ती रोज फोनवर सगळं सांगायची. धाकटी खोकत खोकत ऐकायची. "ताई, तळं असेल ना गं अजून?"

"न असायला काय झालं? तुझ्यासारखं खोकतंय थोडंच!"

फोन ठेवल्यावर मात्र ताई त्या रिकाम्या गादीवर हात फिरवत बसायची. बहिणीची इतकी ओढ तर ती सासरी गेली तेव्हाही लागली नव्हती.

आणि मग भाच्याची बदली झाली. दूर, कोरड्या उष्ण हवेच्या गावी. डॉक्टर म्हणाले, आईला नेलंत तर सोनंच. ताईला वाईट म्हणायला जागाच नव्हती. "चांगलंच झालं," ती दोनदा म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी भाचा आईला घेऊन भेटायला आला. जेवणं झाली. धाकटी अंगणात गेली, गाडीभोवती फिरली, जाळीला बोट लावून पाहिलं. "जरा पडते," म्हणाली. भाचा अडवायला पुढे झाला, पण आईकडे बघून थांबला.

ती खिडकीकडच्या गादीवर पडली आणि बोलता बोलता झोपली. ताई पायरीवर बसून राहिली. भाचा येरझारा घालत होता. मध्येच वाकून आत बघे, आईचा श्वास ऐके. ऊन भिंतीवरून उतरलं तरी ती उठली नाही.

"घरी ती बसूनच झोपते, मावशी," तो हळूच म्हणाला. "तीन उशा लागतात."

आत ती एका उशीवर होती. तोंड किंचित उघडं, लहानपणी असायचं तसं. भाचा ताईशेजारी पायरीवर बसला. "मी डबा म्हणालो होतो," तो म्हणाला. ताईने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याने बदली मागितली नव्हती आणि ती टळणारही नव्हती, हे दोघांना ठाऊक होतं.

जाग आल्यावर धाकटी पांघरूण नीट करत म्हणाली, "एवढं केलंस आणि मी चालले बघ."

"झोपलीस ना? झालं तर मग."

"नाही झालं," धाकटी म्हणाली आणि लहान मुलीसारखी ताईच्या कुशीत शिरली.

पुढच्या मोसमात ड्रायव्हरदादांनी ताईला तळ्यावर नेऊन सोडलं. एकटीने जायचं तिच्या मनात नव्हतं. धाकटीनेच फोनवर तगादा लावला होता. तळं तिच्या कल्पनेहून लहान निघालं, पण वाळू तीच होती. ती अनवाणी चालली, पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, आणि तिथूनच फोन लावला.

"कसं आहे?" धाकटीचा आवाज आता मोकळा होता, खोकल्याशिवायचा.

"पाणी आहे. पुष्कळ आहे."

"बाई गं, तळंच ते! नीट सांग."

ताईने नीट सांगितलं. पलीकडचा काठ, बदकं, वाऱ्याने पाण्यावर उठणारे शहारे. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "झोपतेस कुठल्या बाजूला?"

"दाराकडच्या."

"खिडकीकडच्या गादीवर कोण?"

"कोण असणार?"

मग धाकटी म्हणाली, "न वापरलेली गादीही ऊन मागते हं, ताई."

ताईने फोन ठेवला. खिडकीकडची गादी बाहेर काढून वाळूत उभी केली, मग जरा वेळाने उलटी केली. शेजारच्या तंबूतल्या बाईने विचारलं, "कुणी येणार आहे का?"

"बहीण आहे माझी," ताई म्हणाली, आणि आणखी काही न सांगता गादी झटकू लागली.