किसनराजाचं विहीरदान

पूर्णाकाठच्या बोरखेडीत किसनराव गावंडे वर्षभर बायकोच्या मळ्यात वांगी तोडायचा आणि दिवाळीनंतर राजा व्हायचा. गावची दंडार, म्हणजे गावानंच गावासाठी केलेलं नाटक, त्याच्यावाचून उभी राहत नसे. आवाज असा, की पहिल्या ओळीतली पोरं कानांवर हात ठेवून बसायची. त्या दंडारीतला राजा मागणाऱ्याला नाही म्हणत नसे. याचक झोळी पसरून पुढं आला, की किसनराव डोळे मिटायचा, उजवा हात वर न्यायचा आणि गरजायचा, "दिलं!" मग टाळ्या. या टाळ्यांच्या आशेवर तो पुढची दंडार येईपर्यंत वांगी तोडायचा. त्याला हसणाऱ्यांनी एकदा तरी रंगमंचावर उभं राहून पाहावं.

एकसष्ट-बासष्टचा सुमार असेल. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि नव्या राज्याला वीज हवी होती. बोरखेडीच्या नदीकाठी कोळशावरचं वीजघर काढायचं कुणाच्या तरी मनात आलं. धूर, राख आणि पाणी यांचा गावाला काही त्रास होईल काय, हे पाहायला एक समिती येणार होती. सरपंच जानराव वीज येण्याआधीच उजळले होते. पण राखेच्या तळ्याची, म्हणजे जळलेल्या कोळशाची राख सोडायच्या खड्ड्याची, जागा कळली आणि बायकांनी आरडाओरडा केला. तळं येणार होतं मैनाबाईच्या विहिरीला लागून. त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. गावातल्या बाकीच्या विहिरींच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नसे. गोडं पाणी फक्त या एका विहिरीला. ती मैनाबाईला बापाकडून मिळालेली, आणि मैनाबाई म्हणजे किसनरावाची बायको.

हरकत घ्यायची ठरली. पण साहेबासमोर बोलणार कोण?

"किसनभाऊच बोलन," डोमाजी न्हावी म्हणाला. "पार नदीपलीकडं आवाज जाते त्याचा."

काय बोलायचं हे कुणी विचारलं नाही. आवाज ठरला, तेवढ्यावर सभा संपली.

समिती जीपमधून आली. प्रमुख हेमचंद्र साहेब पुण्याचे, तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेले. त्यांनी जीपमधूनच नदी पाहिली, बोट ओलं करून वारा पाहिला आणि शाळेच्या ओसरीवर येऊन निर्वाळा दिला, "धूर सरळ वर जाईल."

"अन् वरून कोठी जाईन?" बायकांतून मैनाबाईनं विचारलं.

"बाई, प्रश्न शेवटी."

मग किसनराव उठला. खांद्यावर दंडारीतलं जरीचं उपरणं होतं. विहिरीच्या गोडव्यावर, तिला पाणी लागलं त्या दिवसावर, खाऱ्या पाण्यानं वांझ झालेल्या रानांवर तो असा काही बोलला, की समितीचा कारकून टाक हातात धरून नुसता ऐकत बसला. साहेबांना जुने दिवस आठवले. ते खुर्चीतून उठले, पुढं आले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "महाराज! राज्यात उजेड पडावा म्हणून हा याचक दारी आला आहे. ती विहीर द्या!"

पुढचं घडायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. किसनरावाचे डोळे मिटले, हात वर गेला.

"दिली!"

आणि गावानं टाळ्या वाजवल्या. सवयच ती! डोमाजीनं तर शिट्टीही मारली. कारकुनानं भानावर येऊन लिहिलं, 'ग्रामस्थांनी टाळ्यांच्या गजरात संमती दिली.'

मैनाबाई पुढं आली. "काय देलं?"

किसनरावानं डोळे उघडले.

"राजे, तुमाले इचारून राहिले मी. उद्या वरण टाळ्याइत शिजवू काय?"

साहेब हसले. "बाई, आता राजाचा शब्द गेला. राजा शब्द फिरवत नसतो."

साहेबांनी किसनरावाच्या दुखऱ्या जागीच बोट ठेवलं होतं. याच लोकांसमोर दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे पुन्हा कुठल्या तोंडानं "दिलं" म्हणायचं? त्यानं समोर पाहिलं. टाळ्या वाजवणारे आता एकमेकांकडे बघत होते. बायका मात्र त्याच्याकडे बघत होत्या.

त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचला, "राजानं देली. किसन गावंडे देत नाई. इहीर माह्या बायकोची हाय अन् पाणी गावाचं हाय. माह्या हातात द्याले काईच नाई."

एक टाळी पडली नाही. इतकं साधं वाक्य त्यानं लोकांसमोर आजवर उच्चारलं नव्हतं.

"हे आता कुठे लिहायचं?" कारकून कुरकुरला.

"टाळ्या लिहिल्या ना, त्याच्याच खाली लिहा," मैनाबाई म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत तिथून हलली नाही.

वीजघर पुढं दुसरीकडे गेलं. साहेबांच्या अहवालात बोरखेडी नाकारण्याचं कारण होतं: जीपला रस्ता धड नाही. धूर, राख, पाणी यांच्यावर एक ओळ नव्हती. सरपंच जानरावांनी मात्र हार घालून घेतला आणि गाव आपण वाचवलं असं भाषण केलं. त्या भाषणाला टाळ्या पडल्या.

दिवाळीनंतर दंडार उभी राहिली. राजा बदलावा असं दोघातिघांच्या मनात होतं, पण तेवढा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता. याचक झोळी पसरून पुढं आला. किसनरावानं डोळे मिटले, हात वर नेला, आणि मागून डोमाजी ओरडला, "राजे, मैनावहिनीले इचारलं काय?"

मांडव हसून लोळला. किसनरावाचा हात तसाच वर राहिला. त्यानं डोळे उघडले आणि खरोखरच बायकांच्या बाजूला पाहिलं. मैनाबाई पान लावत होती. तिनं मान वर केली.

"द्या, द्या," ती म्हणाली. "हे राज्य तं पुठ्ठ्याचं हाय."

"दिलं!" किसनराव गरजला.