किटलीभाऊंची जागा

जगात नसलेल्या गावाची घरपट्टी भरायची सोय असती, तर आमच्या दाजींनी ती अख्ख्या मावळात सर्वांत आधी भरली असती आणि पावती खिशात घालून मिरवले असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. राहायला भाजे गावात. उमेदीची वर्षं त्यांनी वराळ्याच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. त्या काळात पाळी सुटली की ते तळेगावातल्या सायबर कॅफेत जाऊन बसायचे आणि तिथेच त्यांना ते गाव सापडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं गाव. एक तळं, तळ्याकाठी घरं, बाकडी, फुलझाडं. आणि देशोदेशीची माणसं बाहुल्यांच्या रूपात त्यात हिंडायची, टाइप करून गप्पा मारायची. पुढे कंपनीने ते बंद केलं तेव्हा दाजी सुतक आल्यासारखे घरात बसून होते. मग काही वर्षांपूर्वी जुन्या रहिवाशांपैकीच काही हौशी मंडळींनी पदरमोड करून ते गाव पुन्हा उभं केलं आणि आमच्या दाजींच्या चेहऱ्यावर पुन्हा तजेला आला.

तिथे जायचं तर दाजी धुतलेला सदरा घालतात, भांग पाडतात, चपला दाराबाहेर काढतात आणि मगच कॉम्प्युटरसमोर बसतात. त्या वेळी फोन आला तर वन्सं बिनदिक्कत सांगतात, "गावाला गेलेत." रविवारी लेण्यांकडे निघालेले पाहुणे रस्ता विचारायला अंगणात आले की आतून आवाज येतो, "जरा थांबा, माणसं आलीत!" पाहुणे रिकामी ओटी बघतात आणि आपल्याच वाटेने निघून जातात. दाजींचं इंग्रजी मराठी मातीतलं. समोर कोणीही येवो, पहिला प्रश्न "जेवलात का?" सुरुवातीला लोक गोंधळायचे. आता ब्राझीलच्या एक बाई येताक्षणी काय शिजवलं ते सांगून मोकळ्या होतात आणि मगच हवापाण्याचं बोलतात.

गाव नव्याने उभारताना मोठी अडचण आली ती अशी, की कुणाचं घर कुठे होतं याची नोंदच उरली नव्हती. सगळं आठवणीवर. हे काम दाजींच्या रक्तातलं. फिनलंडच्या एका गृहस्थांनी कुंपण जरा पुढे सरकवलं, तर दाजी इकडे ताडकन उठले आणि माझ्याकडे वळले. "वैनी, ह्यो बांध कोरतोय!" मग त्यांनी तीन जुने रहिवासी पंच म्हणून तळ्याकाठी बोलावले, प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारलं आणि कुंपण मागे घ्यायला लावलं. तो फिनलंडवाला आज त्यांचा जिवलग आहे. स्वतःच्या जागेवर दाजींनी मराठीत पाटी लावली, 'ही जागा विकणे नाही'. आमच्याकडे रस्त्याकडेला दर दुसऱ्या शेतात असते, तशीच. तिथल्या लोकांना वाटलं काहीतरी मंगल वचन असावं. अक्षरं देखणी म्हणून चार-पाच जणांनी ती आपापल्या दारावर लावून घेतली.

दाजींच्या शेजारची जागा मात्र मोकळी होती. तिचा मालक स्वतःला 'किटली' म्हणवायचा. तो बाई की बुवा, कुठल्या देशाचा, हे दाजींना आजही ठाऊक नाही. ते आपले 'किटलीभाऊ' म्हणतात. जुन्या काळात दाजी एकेक अक्षर शोधत टाइप करायचे तेव्हा बाकीचे कंटाळून निघून जात. किटलीभाऊ बाकड्यावर बसून राहायचे. "माझं वाक्य पुरं होईस्तवर थांबायचा तो. घरात कोन थांबतंय?" असं दाजी म्हणाले, तर आतून वन्सं ओरडल्या, "अवो, पुरं करत जावा की मग!"

नव्या गावात किटलीभाऊ आलेच नाहीत. दाजींनी आठवून आठवून त्यांचं घर जसंच्या तसं उभं केलं आणि त्यांच्या फुलझाडांना रोज पाणी घालू लागले. पण यंदा गाव चालवणाऱ्यांनी कळवलं की मालक न आलेल्या जागा आता नव्या लोकांना मिळणार. तळ्याकाठी मागणी फार. शेजाऱ्याने पाणी घातलेलं चालणार नाही.

दाजींचं जेवण कमी झालं. मला अशा वेळी हातावर हात धरून बसवत नाही. मी त्यांना सांगितलं : एक, जुन्या रहिवाशांच्या पानावर विचारणा टाका. दोन, ब्राझीलच्या बाईंना विचारा. तीन, मुदत वाढवून मागा. त्यांनी तिन्ही गोष्टी केल्या. किटलीभाऊंचा पत्ता कुणालाच नव्हता. मुदतही वाढली नाही.

"दाजी, सोडून द्या आता," मी म्हटलं. "ज्याचं खरं नावसुद्धा माहीत नाही, त्याच्यासाठी किती करायचं?"

"वैनी, भावकीतला माणूस परगावी गेला तर त्याचं रान कुनीतरी राखतंच का न्हाई? उद्या आला तर त्याला कुटं बसवायचं?"

दोन दिवसांनी वन्संचा फोन आला. "ह्यांनी स्वतःची जागा दिली की गं सोडून!" एका माणसाला एकच जागा असा तिथला नियम. दाजींनी आपली जागा परत केली आणि किटलीभाऊंची स्वतःच्या नावावर मागून घेतली. दाजींच्या जुन्या घरात आता पोर्तुगालची एक शिक्षिका राहते. ती येताच दाजींनी तिला जेवलीस का विचारलं म्हणे.

मी मुद्दाम भाज्याला गेले. दाजींनी मलाही एक बाहुली करून दिली, निळ्या साडीची सोय नव्हती म्हणून निळ्या झग्यातली, आणि हात धरल्यासारखी तळ्याकाठी नेली. किटलीभाऊंचं घर छोटंसं, लाल कौलांचं. दार बंद. दाजींची बाहुली पायरीवर बसली.

"आत नाही जायचं?" मी विचारलं.

"आत कसं जायचं? घर त्याचंय."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"हितंच. पायरीवर. हितनं तळंबी दिसतंय, वाटबी दिसतीय."

"आणि ते आले तर?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं असावं. "आला तर उठायचं, वैनी. उटाया कितीसा येळ लागतोय?"

वन्संनी चहा आणून ठेवला. मळवलीहून माझी परतीची गाडी होती, निघायला हवं होतं. पण माझी बाहुली दाजींच्या शेजारी पायरीवर बसली होती आणि तिला उठवायचं कसं हे मला येत नव्हतं. खरं सांगायचं तर, विचारावंसंही वाटलं नाही.