एक खुंटी रिकामी

प्रा. नलिनीताई उमाटे यांच्याशी माझा परिचय मतभेदातून झाला, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात प्रारंभीच नोंदवले पाहिजे; अन्यथा पुढील मजकुराला स्तुतिपाठाची चव येईल, आणि ती नलिनीताईंना मुळीच मानवत नाही. ऐंशीच्या दशकात वर्ध्याच्या आमच्या महाविद्यालयात संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा मी तेथे गणिताचा ज्येष्ठ अधिव्याख्याता होतो. संगणक एकच होता आणि वीज असेल तेव्हाच तो चालत असे. अशा एका यंत्रापायी गणिताचे तास कमी करणे मला मान्य नव्हते व तसे मी शिक्षकसभेत स्पष्ट बोललो. नव्यानेच रुजू झालेल्या नलिनीताईंनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि त्या म्हणाल्या, "सर, आठवडाभर माझ्या तासाला येऊन बसा. मग विरोध करा. विरोध तरी नेमका होईल."

मी बसलो, आणि वर्ष संपेपर्यंत उठलो नाही. विषय होता 'डेटा स्ट्रक्चर्स', म्हणजे माहिती कशी मांडून ठेवावी, की हवी ती हव्या वेळी हाती यावी, याचे शास्त्र. नलिनीताई यंत्राची वाट पाहत नसत. विद्यार्थ्याला मांडणी आधी डोळ्यांना दिसली पाहिजे, हाताला लागली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. रांगेची मांडणी शिकवताना तिच्या दोन टोकांना मराठी नावे हवीत, म्हणून त्यांनी भर वर्गात मला विचारले. मी 'अग्र' आणि 'पश्च' हे शब्द सुचवले. तिसऱ्या बाकावरून मारोती उईके नावाचा आर्वीकडील विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या गावात पश्च म्हटलं तं बैल बी मागं पाहनार नाई." वर्ग हसला. नलिनीताईंनी फळ्यावर 'मुख' आणि 'शेपूट' असे लिहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, "व्याकरणाला चालेल ना, सर?" चालण्यासारखे होते.

त्यांच्या वेळापत्रकात रोज एक तास कोरा असे. प्राचार्यांनी तो कशासाठी, असे विचारले, तेव्हा "जो येईल त्याच्यासाठी" एवढेच उत्तर त्यांनी दिले. त्या तासाला सर्वांत अधिक वेळा गेलेला विद्यार्थी मीच असेन. वयाने त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असूनही मी तेथे जाऊन शंका विचारीत असे, आणि त्यांनी कधी हसू दाबल्याचे मला स्मरत नाही. पुढे त्या कोऱ्या तासाचा जो अर्थ मला उमगला, तो एका दिवसामुळे. तो दिवस सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

सेलूच्या बाजूला एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, होते. त्याचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. हंगामात तेथे कापसाच्या बैलबंड्या येत आणि कोणाची बंडी आधी यावरून रोज भांडणे होत. मारोतीने आपल्या प्रात्यक्षिकासाठी हाच प्रश्न घेतला. सुताराकडून त्याने एक गोल पाटी करवून घेतली. तिच्या कडेने क्रमांक घातलेल्या खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर अडकवायला दोन कड्या. येणाऱ्या बंडीला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तांबडी कडी, म्हणजे शेपूट, एक खुंटी पुढे सरके. बंडीचा काटा, म्हणजे वजन, झाला, की बिल्ला परत येई आणि पांढरी कडी, म्हणजे मुख, पुढे सरके. पांढरी कडी तांबडीला गाठून एकाच खुंटीवर आली, की समजावे, रांग संपली. पाटी गोल असल्यामुळे तेच बिल्ले पुन्हा पुन्हा वापरता येत. नलिनीताईंनी ती तपासली, एकच प्रश्न विचारला, "रांग रिकामी असेल तर?", आणि उत्तर मिळताच संमती दिली. पाटी जिनिंगच्या कचेरीत लागली आणि भांडणे खरोखरच थांबली.

जानेवारीत एके दिवशी प्रात्यक्षिकाचे गुण ठरवण्यासाठी नलिनीताई, मारोती आणि मी तेथे गेलो. आभाळ सकाळपासून भरून आले होते. अवकाळीच्या धास्तीने गावोगावच्या बंड्या एकदम निघाल्या होत्या. बंड्यांची जागा लांबलचक शेडच्या मागे होती. कचेरीतून ती दिसत नसे. दुपारी आम्ही फाट्यावर चहा घेऊन परतलो, तो आतले फाटक बंद, काटा बंद आणि फाटकाशी माणसांची दाटी.

झाले होते ते असे. कारकून शिपायाला पाटीपाशी बसवून जेवायला गेला होता. परत येऊन त्याने पाटीकडे पाहिले, दोन्ही कड्या एकाच खुंटीवर होत्या. त्याने प्रतवारी करणाऱ्या साहेबांना सांगितले, "रांग संपली." साहेबांना दुसऱ्या खरेदी केंद्रावर जायचे होतेच. ते जीपमध्ये बसून निघून गेले, आणि त्यांच्या प्रतवारीवाचून काटा होत नसे. दुसऱ्या दिवसापासून सुट्या होत्या. शेडमागे मात्र बंड्यांची रांग जशीच्या तशी उभी होती, वर उघडा कापूस, आणि त्याच्यावर काळे आभाळ.

"आमी का इथं तमाशा पाहाले बसलो काय?" एक धिप्पाड शेतकरी फाटक हलवीत ओरडत होते. "कोनाची हाये हे पाटी?"

कारकुनाने मारोतीकडे बोट केले. "या पोराची."

"धरा रे त्याले!"

मारोतीचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याचा दंड धरला. नलिनीताई दोघांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पाटी माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तपासली, मी लावायला सांगितली. या मुलाने मी शिकवले तसेच केले. धरायचे तर मला धरा."

"बाई, तुमाले धरून कापूस कोरडा राह्यते काय?"

"नाही राहत. म्हणून साहेबांना परत आणते. कोणाजवळ फटफटी आहे?"

एक तरुण पुढे आला. नलिनीताईंनी पदर खोचला. "मी येईपर्यंत हे दोघे इथेच राहतील," असे गर्दीला सांगून त्या फटफटीवर मागे बसल्या आणि जीप गेली त्या दिशेला निघून गेल्या. आम्हांला त्यांनी ओलीस ठेवले होते, हे माझ्या ध्यानात अंमळ उशिरा आले.

तो काळ सरता सरेना. ढग खाली उतरत होते. वारा सुटला, की बंड्यांवरचा कापूस उडे आणि माणसे त्यावर घोंगड्या, धोतरे, हाती येईल ते टाकीत. ते धिप्पाड गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"गुरुजी, तुमी का शिकवता?"

"गणित."

"मंग मोजा न बंड्या! त्या पाटीले तं मोजता येत नाई."

दोघे-तिघे हसले, पण ते हसणे ऐकून धीर यावा असे नव्हते. मारोती कचेरीच्या खिडकीतून पाटीकडे एकटक पाहत होता. एकाएकी तो माझ्या कानाशी पुटपुटला, "सर, रिकामी झाली तरी कड्या एका खुंटीवर येते, अन् पुरी भरली तरी येते. शेपूट फिरून मुखाले भेटलं, सर. आजवर आवार कधी भरलंच नव्हतं."

मला ते तत्क्षणी पटले. रिते आणि भरलेले, दोहोंचे चिन्ह एकच! हंगामभर आम्ही सर्वांनी त्या पाटीकडे पाहिले आणि कोणालाही ते दिसले नव्हते.

जीप परत आली तेव्हा पहिले थेंब पडू लागले होते. साहेब उतरताच कडाडले, "बाई, तुमच्याच पाटीवर रांग संपली होती!"

"होय. ती चूक माझी आहे," नलिनीताई म्हणाल्या. "काटा सुरू करा. मग मला काय बोलायचे ते बोला, मी इथेच उभी आहे."

काटा सुरू झाला. नलिनीताई फाटकाशी उभ्या राहून एकेक क्रमांक मोठ्याने पुकारीत होत्या. पाऊस आला नाही. नुसती भुरभुर होऊन गेली. शेवटची बंडी त्याच धिप्पाड गृहस्थांची होती. जाताना त्यांनी बैल थांबवले आणि मारोतीला म्हटले, "पोरा, पाटी फेकजो नको. सुधारजो."

प्राचार्यांनी मारोतीचे प्रात्यक्षिक रद्द करण्याचे ठरवले होते. नलिनीताईंनी लेखी कळवले, की रद्द करायचेच असेल, तर माझी तपासणी रद्द करा. प्रात्यक्षिक वाचले, त्यांच्या पदोन्नतीची शिफारस मात्र त्या वर्षी अडली. त्याविषयी त्यांच्या तोंडून मी कधीही एक अक्षर ऐकले नाही. पुढच्याच तासाला त्यांनी फळ्यावर ती गोल पाटी काढली आणि सांगितले, "रिकामी असेल तर, एवढेच मी विचारले. भरली तर, हे विचारायला मी विसरले. आता उपाय मारोती सांगेल."

उपाय साधा होता. एक खुंटी कायम रिकामी ठेवायची. शेपूट मुखाच्या एक खुंटी मागे येऊन पोचले, की थांबायचे, आणि जागा भरली असे समजायचे. एका बंडीची जागा कमी होते. पण त्या एका रिकाम्या खुंटीमुळे रिते कोणते आणि भरलेले कोणते, हे कळते. पाटी त्याप्रमाणे सुधारून पुन्हा लागली आणि पुढील कित्येक हंगाम टिकली. मारोतराव आज स्वतः हाच विषय शिकवतात आणि पहिल्या दिवशी वर्गाला ही पाटी काढून दाखवतात.

त्या दिवशी मला वेळापत्रकातील कोरा तास कळला. नलिनीताईंनी आपल्या दिवसाची प्रत्येक खुंटी कधीच भरू दिली नाही. म्हणूनच दाराशी कोणी उभे राहिले, की त्यांना ते दिसत असे. आणि फटफटीवर बसून जीप गाठायची वेळ आली, तेव्हाही त्यांना दुसरे काही काम नव्हते.

आज त्यांच्या वयाची पाऊणशे वर्षे पूर्ण होत आहेत. इतक्या माणसांनी भरलेली पाटी मी दुसरी पाहिलेली नाही. नलिनीताईंना निरामय आणि उदंड आयुष्य लाभावे. त्यांच्या पाटीवर मुखाने शेपटाला गाठण्याचा दिवस फार फार दूर राहावा. आणि ती एक खुंटी त्यांनी अशीच रिकामी ठेवावी, कारण माझी एक शंका अजून विचारायची राहिली आहे.