सुमतीबाईचं परदेशी फळ

नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत नत्थूजींचं सावजी भोजनालय आहे. पाटीवर नाव नत्थूजींचं, पण लोक येतात सुमतीबाईच्या रश्श्यासाठी. नत्थूजींचं तोंड पाहायला कोण येणार हो? घर कोष्ट्याचं. हातमाग बंद पडले, तसा नवरा गल्ल्यावर बसला आणि बायको चुलीपुढं. गंमत अशी, की ज्या मटणासाठी माणसं घाम पुसत पुसत दुसरी वाटी मागतात, ते या बाईनं जन्मात जिभेवर ठेवलेलं नाही. माहेर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. तिखट, मसाला, मीठसुद्धा ती नुसत्या वासावर ओळखायची. झाकण उचलून वाफ घ्यायची आणि सांगायची, "खसखस कमी पडली." पडलेलीच असायची.

या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी आहे. मग एका सकाळी ठेचलेला लसूण तिनं नाकाशी धरला आणि नाकाला नुसता ओलावा लागला. पण बोलली नाही कोणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची! गिऱ्हाईक तुटेल ही भीती होतीच, पण खरी भीती वेगळीच होती. नत्थूजी साधी हळद आणायची तरी आधी तिला विचारत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला घरात जो काही मान होता, तो सगळा त्या नाकामुळं होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग सुरू झाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. अंदाजानं मसाला घालायचा आणि सून अंजूच्या चेहऱ्याकडं चोरून पाहायचं. एकदा पाठ करून कांदे कापत बसली होती, मागं कढईत खोबरं जळून कोळसा झालं. अंजूनं धावत येऊन कढई उतरवली, तर सुमतीबाई उलट तिच्यावरच उखडली, "मधात मधात काहून करून राहिली वं?" अंजू बिचारी कढई घासायला बसली. सुमतीबाई मोरीत जाऊन रडली.

देवळात जाते सांगून ती डॉक्टरकडं गेली. तो म्हणाला, "उग्र वास रोज हुंगत जा, आला तर येईल." आला तर! असं कोणी बोलतं का? पण बुडत्याला काडीचा आधार. तिनं कवठ फोडून नाकाशी धरलं. पार पिकून गळालेली पपई आणली. फणस आणला, तेव्हा नत्थूजी घर सोडून पानठेल्यावर जाऊन बसले; त्यांना फणसाचा वास म्हणजे शिसारी. अंजूनं मात्र मिटक्या मारत अर्धा फणस संपवला. सुमतीबाईला ना शिसारी आली ना पाणी सुटलं. रात्रभर ती उशीत तोंड खुपसून देवाला शिव्या देत राहिली.

पुतण्या साहिल विमानतळाजवळ, मिहानमधल्या कंपनीत कामाला. त्यानं बोलता बोलता ड्युरियन नावाच्या परदेशी फळाचं सांगितलं. "बँकॉकले हाटेलात आणू देत नाहीत मोठी आई, एवढा वास! कोणी म्हणते रबडी, कोणी म्हणते गटार."

"मले आणून दे गा," ती लगेच म्हणाली.

"तुले काय करायचं आहे?"

"एवढं नाव आहे तर पाहू तं खरं."

त्या दिवसापासून तिनं सगळा जीव त्या फळावर टांगला. गटार तर गटार! गटाराचा वास आला तरी ती गावजेवण घालायला तयार होती. हा नाही आला तर मग जगात कोणताच येणार नाही, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

साहिलच्या मित्रानं तिकडून सीलबंद डबा आणला. रविवारी दुपारी, गिऱ्हाईक उठल्यावर, सगळे स्वयंपाकघरात जमले. मध्ये परात ठेवली. साहिल कात्री घेऊन बसला. सुमतीबाईनं हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि श्वास ओढला. पुन्हा ओढला. भांडं वाजलं, खिडकीचा कडी-कोयंडा खडखडला, कोणाचे तरी पाय दाराकडं पळाले. ती वाट पाहत होती. किती वेळ लावतो हा पोरगा!

"उघड ना गा आता," ती डोळे मिटूनच म्हणाली.

शेवटी तिनं डोळे उघडले. पिवळाधमक गर परातीत तिच्या पुढ्यातच पडला होता. साहिल खिडकीबाहेर तोंड काढून ओकाऱ्या देत होता. नत्थूजी दारात, खांद्यावरचा दुपट्टा नाकावर. अंजूनं नाकाला पदर लावला होता आणि ती फळाकडं नाही, सासूकडं पाहत होती.

"आई," अंजू हळूच म्हणाली, "कवाचंच उघडलं ना."

सुमतीबाईनं परात ओढली आणि दोन्ही हातांनी गर उचलून नाकातोंडाला फासला. "थांबा, येते! आत्ता येते!" ती हुंगत होती, गिळत होती, हुंदके देत होती. जिभेला गोड, गुळगुळीत काही लागलं, बस. "काहीच नाही येत वं अंजू! हिवाळ्यापासून काहीच नाही येत मले!"

नत्थूजी दारातून आत आले नाहीत. माणूस वाईट नाही हो, पण संध्याकाळचं गिऱ्हाईक त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

"अंजू," दुपट्ट्याआडून ते म्हणाले, "आजपासून मसाला तू पाहजो."

अंजूनं सासूकडं पाहिलं, पण सासूनं मान वर केली नाही. मग तिलाही उमासे येऊ लागले आणि ती बाहेर गेली. साहिल गेला, नत्थूजी गेले. तो वास सोसून त्या खोलीत बसणं कोणाला शक्यच नव्हतं. एकटी सुमतीबाई परातीपुढं बसून राहिली.