आईच्या वजनाचं पोतं

बाबा फोर-व्हील ड्राइव्ह जीपचे मिस्त्री. दरवर्षी आम्हाला घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटेला निघण्याआधी ते प्रत्येक सीटवर बसणाऱ्याच्या वजनाएवढं वाळूचं पोतं ठेवून स्प्रिंगा किती दबतात ते बघायचे. अंदाजपंचे काम करणाऱ्याला शिव्या घालायचे. वजनकाट्यावर उभं केलं की आई फणकारायची, "मी काय सिमेंटची गोणी आहे?"

यंदा आजारानं तिची पार रया गेली होती, तरी तिला यायचंच होतं. काटा अडतीसवर थांबला. बाबांनी तिचं गेल्या वर्षीचं बासष्ट किलोचं पोतं सीटवर ठेवलं.

"तुम्ही कधीपासून खोटं वजन ठेवायला लागलात?" आई म्हणाली. मग जीपच्या पायरीवर टेकून तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळीओंजळीनं स्वतःच वाळू उपसू लागली.