इन्साफची भुकेली टाकी

माझी थोरली जाऊ इन्साफ ही डुकरांची बाई. मुकत्तमच्या डोंगराखालच्या आमच्या वस्तीत घरोघरी डुकरं होती, पण इन्साफसारखी गुटगुटीत डुकरं कुणाकडे नव्हती. पुरुषांनी कैरोभरातून कचऱ्याची पोती आणायची, बायकांनी त्यातून प्लॅस्टिक, कागद, काच निवडायची आणि उरलेलं उष्टं-खरकटं डुकरांपुढे टाकायचं, हा आमचा बापजाद्यांपासूनचा धंदा. निवडता निवडता इन्साफ डुकरांशी गप्पा मारायची. नवऱ्याशी बोलायची नाही एवढं त्यांच्याशी बोलायची. त्यांच्या ओरडण्यावरून तिला कळायचं, कुणाला भूक लागलीय, कुणाचं पोट दुखतंय आणि कोण नुसतीच नाटकं करतंय.

मग स्वाइन फ्लूचा तो ताप आला आणि सरकारने सगळी डुकरं मारायचं ठरवलं. आमच्या गल्लीतल्या एकाही डुकराला काही झालं नव्हतं, पण ऐकतो कोण? लॉऱ्या आल्या आणि घेऊन गेल्या. इन्साफ लॉरीमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेली, परत आली, रिकामा गोठा धुऊन काढला आणि कचरा निवडायला बसली. रडली नाही. मला तेव्हा तिचा राग आला होता. मी आपली दोन दिवस गळा काढून रडत होते.

आता खरकटं खाणारं कुणी उरलं नाही. ते गल्लीत कुजायला लागलं. तेव्हा एका संस्थेने काही घरांच्या गच्चीवर गॅसच्या टाक्या बसवून दिल्या. आमच्या गच्चीवर एक आली. एका मोठ्या पिंपात दुसरं पिंप उपडं घातलेलं. नळीतून पातळ केलेलं खरकटं आत सोडायचं, ते आत कुजतं, गॅस होतो आणि उपडं पिंप हळूहळू वर उचललं जातं. तिथून नळी थेट इन्साफच्या शेगडीला.

माझे थोरले दीर, म्हणजे इन्साफचे नवरे वहबा, हे बघून खूप हसले. "पोट तेवढं वाढतंय हिचं," ते पिंपाकडे बघून म्हणाले, "पिल्लू काही होत नाही. वांझोटी डुकरीण आणलीस, इन्साफ."

"निदान ही तुमच्यासारखी घोरत तरी नाही," इन्साफ म्हणाली.

"घोरत नाही, ओरडत नाही. मग हिला भूक लागली हे तुला कळणार कसं?"

बोलले थट्टेत, पण खरं बोलले.

वहबांना तेव्हा आजारपण लागलं होतं. इस्पितळाच्या कचऱ्यातली सुई हाताला टोचली होती कधीतरी, त्यातून यकृत गेलं. पोट फुगलं, हातपाय काटकुळे झाले आणि भर उन्हातही त्यांना थंडी वाजायची. एवढं होऊनही त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. जन्मभर हा माणूस फेरीवरून आला की आधी कढत पाण्याने आंघोळ करायचा, मगच भाकरीला हात लावायचा. म्हणायचा, "कचरा उचलतो मी, कचरा अंगाला लावून जेवत नाही." अंथरुणाला खिळल्यावर आंघोळ हाच त्यांचा एक थाट उरला होता आणि तो सांभाळणं हेच इन्साफचं एक काम. उन्हाळाभर टाकीने ते निभावलं. निळी ज्योत, मोठं भांडं, रोज.

हिवाळा आला आणि गॅस कमी झाला. पिंप पूर्वीसारखं वर येईना. संस्थेचा इंजिनियर मगदी, चांगला पोरगा, सांगून गेला होता, "थंडीत हिला कमी खायला घाला." इन्साफ माझ्याकडे बघून हसली होती. तो गेल्यावर म्हणाली, "थंडीत जनावर जास्त खातं. या पोराने आयुष्यात कोंबडी तरी पाळली असेल का?"

मग टाकी मलूल झाली की इन्साफ तिला जास्त घालायची. एका बादलीच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. ते संत्र्यांचे दिवस, शहरातून येणारं अर्धं खरकटं म्हणजे संत्र्याच्या साली. डुकरं त्या आवडीने खायची. सगळ्या टाकीत गेल्या. वर ती टाकीला गोधडी पांघरायची आणि पिंपावर थाप मारून म्हणायची, "खा गं बये, खा." मी म्हटलं, "अगं, तो इंजिनियर काय म्हणाला होता?" तर म्हणाली, "तू तुझं बघ. उपाशी पोट मला कळतं."

एके सकाळी गच्चीवर आंबट, नाक मुरडावं असा वास आला. शेगडी पेटेना. काडी लावली की भप्प आवाज यायचा आणि ज्योत विझायची.

मगदी आला. नळीतून थोडं बाहेर काढून त्याने हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "अजीर्ण झालंय हिला. थंडीत हिची पचनशक्ती मंद होते, आणि तुम्ही कोंबत राहिलात. वर या साली. आतून आंबलीय ती. आता काही घालू नका. उपास घाला. आणि कुठून ताजं शेण मिळालं तर टाका, म्हणजे पुन्हा सुरू होईल कदाचित."

"कधी?" इन्साफने विचारलं.

"थंडी आहे, उम्म नर्गिस. वेळ लागेल."

नर्गिस म्हणजे इन्साफची लग्न होऊन लांब गेलेली मुलगी. तिची आई म्हणून सगळे इन्साफला अशीच हाक मारायचे.

नाताळापूर्वीचा आम्हा सगळ्यांचा उपास चालूच होता, त्यात टाकीचीही भर पडली. त्याच हिवाळ्यात सिलिंडरची टंचाई. पान्याने सिलिंडर ठोकत येणारी गाडी दिसेनाशी झाली. माझा सिलिंडर होता तोवर मी किटलीभर गरम पाणी वर पाठवायची. किटलीने तोंड आणि पाय धुतात, दाराएवढ्या माणसाची आंघोळ होत नाही. मग माझाही सिलिंडर संपला. इन्साफने जिन्यात लाकडं पेटवून बघितली, तर त्या धुराने वहबांना रक्ताची उलटी झाली. पुन्हा त्या वाटेला कुणी गेलं नाही.

वहबा म्हणाले, "एवढंच कर. नाताळच्या दिवशी मला कढत पाणी दे. बिनआंघोळीचा मी पवित्र भाकर घेणार नाही." त्यांचा तो शेवटचा सण, हे आम्हाला कळत होतं. त्यांनाही.

शेण आणायचं कुठून? गाई-म्हशी वस्तीत नाहीत. गाढवांची लीद घातली, उपयोग झाला नाही. पलीकडच्या गल्लीतल्या उम्म रमझीने एक डुकरीण लपवून ठेवलीय अशी कुजबुज होती. इन्साफ बादली घेऊन निघाली, मी सोबत.

"डुकरीण?" उम्म रमझी दारातच आडवी उभी राहिली. "कुणी सांगितलं तुला? जीभ झडो त्याची! पकडून देतेस का मला?"

"शेण हवंय गं नुसतं. बादलीभर."

"माझ्याकडे बकऱ्या आहेत. लेंड्या पाहिजेत तर ने."

एवढ्यात आतल्या भिंतीपलीकडून हुंकार आला. जाड, आळसावलेला. उम्म रमझीचा चेहरा पांढराफटक पडला. मला हसू आवरेना, आणि बघते तर इन्साफ भिंतीला हात लावून रडत होती. लॉरी गेली त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं.

"पोटात पिल्लं आहेत हिच्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आवाजावरून कळतंय. ओलं खाणं कमी कर तिचं."

उम्म रमझीने तिच्या हातातली बादली घेतली. आत जाऊन शेणाने भरली आणि कुणाला दिसू नये म्हणून वर पाव झाकून आणून दिली.

ती बादली टाकीत गेली. इन्साफ रोज गच्चीवर जाऊन पिंपाला कान लावायची. बुडबुड कधी ऐकू यायची, कधी नाही.  

सणाची दुपार झाली. संध्याकाळी डोंगरातल्या चर्चमध्ये जायचं होतं. इन्साफने पाण्याचं मोठं भांडं शेगडीवर चढवलं. ज्योत लागली, पिवळी, उडती. थोडा वेळ तगली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. काड्यापेटी संपली तेव्हा मी भांड्यात हात घातला. पाणी होतं तसंच गार होतं.

"आज राहू दे," मी म्हटलं. "ओल्या फडक्याने अंग पुसू."

आतून वहबांची हाक आली, "झालं का पाणी?"

इन्साफने भांडं उचललं आणि आत घेऊन गेली.

मी त्यांना पाठीमागून धरलं, स्टुलावर बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं, नुसतं पोट आणि हाडं. इन्साफने पहिला तांब्या खांद्यावर ओतला. त्यांचं सगळं अंग शहारलं. माझ्या हातात मला ते जाणवलं. आता हे शिव्या घालणार, टाकीला, तिला, मला, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"वा," वहबा म्हणाले. दात वाजत होते. "कढत आहे."

इन्साफचा तांब्या हवेतच थांबला. "काय?"

"पाणी गं. चांगलं कढत आहे. पेटली म्हणायची तुझी वांझोटी."

तिचा एक हात भांड्यात होता, मनगटापर्यंत. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "फार कढत झालं का? विसण घालू?"

"घाल थोडं," ते म्हणाले.

तिने शेजारच्या बादलीतलं गार पाणी तांब्याभर घेतलं आणि हळूहळू त्यांच्या पाठीवर ओतलं.